ज्वालामुखीतून उडणाऱ्या दगडांचा धोका-नकाशा कसा बनवायचा: पुण्यात बसून शिकणाऱ्यांसाठी

११ वाजून ५२ मिनिटं ही वेळ दोन वेगवेगळ्या ज्वालामुखींच्या नोंदीत आहे. न्यूझीलंडमधल्या टोंगारिरोचं ते मारी नावाचं मुख ६ ऑगस्ट २०१२ ला रात्री ११ वाजून ५२ मिनिटांनी फुटलं, आणि जपानमधला ओंताके २७ सप्टेंबर २०१४ ला सकाळी ११ वाजून ५२ मिनिटांनी. दोन्हीकडे मुख्य जोर जमिनीखाली कोंडलेल्या वाफेचा होता, दोन्हीकडे जुनाच खडक फुटून हजारो दगड आकाशात गेले आणि ट्रेकच्या वाटेवर येऊन पडले. ते मारीच्या वेळी हिवाळ्यातली रात्र होती, वाट रिकामी होती, कोणी दगावलं नाही. ओंताकेला शनिवार होता, पानगळीच्या रंगांचा सीझन, लोक शिखरावर डबे उघडून बसलेले. ५८ जणांचे मृतदेह मिळाले आणि ५ जण आजतागायत सापडले नाहीत, मेलेल्यांपैकी बहुतेक दगड लागून गेले.

मी हे आधी सांगतोय कारण नकाशा बनवायला बसलेला माणूस पहिल्यांदा विचारतो की दगड किती लांब जातो, आणि मग तेवढ्या त्रिज्येचा एक गोल काढून मोकळा होतो. दगड किती लांब जातो हे लागतंच, पण तिथे कोण उभं असतं, कधी आणि किती वेळ, हे त्याच नकाशात आलं नाही तर तो नकाशा कुणाच्या कामाचा नाही. खाली जी पद्धत देतोय ती या दोन्ही गोष्टी एकत्र धरूनच आहे, त्यामुळे मधलं गणित थोडं लांबलं तरी सोडू नका.

पुण्यात हे शिकून काय उपयोग असं बरेच जण विचारतात. एक तर आपल्याकडे बॅरन आयलंड आहे, अंदमानात पोर्ट ब्लेअरच्या ईशान्येला साधारण १३५ किलोमीटरवर, भारतातला एकमेव जागृत ज्वालामुखी. दीडशेहून जास्त वर्षं गप्प होता, १९९१ ला जागा झाला आणि त्यानंतर अधूनमधून चालूच आहे. दुसरं म्हणजे पुण्यातले कितीतरी ट्रेकर्स आता इंडोनेशियात बातूर, ब्रोमो हे ज्वालामुखी करून येतात, आणि त्याच देशात सुमात्रातल्या मारापीवर ३ डिसेंबर २०२३ ला २४ ट्रेकर्स गेले. आणि तिसरं, इथे जिऑलॉजी आणि जीआयएस (कॉम्प्युटरवर नकाशे बनवायचं तंत्र) शिकणारी एवढी पोरं आहेत, सगळी सॉफ्टवेअर फुकट आहेत, डोंगराचा डेटा फुकट आहे, मग हात बसवायला काय हरकत आहे.

आधी कुठले दगड ते ठरवून घ्या. २ मिलिमीटरच्या खाली ती राख, ती वाऱ्यावर जाते, तिचा नकाशा वेगळा. २ ते ६४ मिलिमीटर म्हणजे लॅपिली, मधला प्रकार. ६४ मिलिमीटरच्या वर जे असतं ते ब्लॉक किंवा बॉम्ब: ब्लॉक म्हणजे आधीच घट्ट असलेला, कोपरेदार तुटलेला खडक, आणि बॉम्ब म्हणजे बाहेर पडताना अर्धवट वितळलेला, हवेत आकार घेणारा. हे वाऱ्याला फारसं जुमानत नाहीत, मुखातून सुटले की फेकलेल्या दगडासारखे आपल्या वाटेनं जातात आणि पडतात. बहुतेक वेळा ५ किलोमीटरच्या आत. जपानच्या साकुराजिमा ज्वालामुखीवर मुखापासून २ किलोमीटरपर्यंत कायमची प्रवेशबंदी असते, तिथे २४ जुलै २०२२ ला दगड अडीच किलोमीटरपर्यंत गेले आणि जपाननं इशारा थेट पाचव्या, म्हणजे सगळ्यात वरच्या पातळीवर नेला. कोस्टारिकाच्या अरेनालमध्ये १९६८ ला ५ किलोमीटरपर्यंत खड्डे पडले होते.

आता पहिलं खरं काम, मुख कुठे आहे. हे सोपं वाटतं आणि इथेच नकाशे चुकतात. शिखरावरच्या मोठ्या विवराच्या मधोमध एक टिंब देऊन पुढे जाऊ नका. ओंताकेला स्फोट शिखराच्या टोकावर नाही तर नैर्ऋत्येच्या दरीत झाला, ते मारी तर टोंगारिरोच्या बाजूच्या उतारावर आहे. म्हणून टिंबाऐवजी क्षेत्र काढायचं: जिथे जिथे गेल्या काही शतकांत मुखं उघडली, जिथे वाफ येते, जिथे जमीन तापलेली आहे, गरम झरे आहेत, भेगा आहेत, ते सगळं एका पॉलिगॉनमध्ये घ्या आणि त्याच्या आतल्या भागांना कमी-जास्त वजन द्या, म्हणजे चालू मुखाला जास्त, जुन्या थंड भेगेला कमी. वजनं कशी ठरवली ते लिहून ठेवा, नंतर कोणी विचारलं तर सांगता आलं पाहिजे.

मग जुने दगड. ज्यांना प्रत्यक्ष जाता येतं ते लोक काय करतात ते समजून घ्या. मुखापासून वेगवेगळ्या दिशांनी ओळी धरायच्या, ठरावीक अंतरावर १० बाय १० मीटरचे चौकोन आखायचे, त्या चौकोनातला प्रत्येक दगड आणि प्रत्येक खड्डा मोजायचा. दगडाच्या तीन बाजू मोजायच्या, लांब, मधली आणि आखूड, नुसती लांब बाजू मोजली तर वजन भलतंच जास्त येतं. खड्ड्याचा व्यास, खोली, लांबट असेल तर लांबट बाजू कुठल्या दिशेला आहे, कारण त्यावरून दगड कुठून आणि किती तिरपा आला ते कळतं. जीपीएस, फोटोत स्केल, फील्डबुकात खडकाचा प्रकार. आणि खड्डा म्हणजे दगड नाही हे लक्षात ठेवा, मऊ राखेत पाव मीटरचा दगड मीटरभर खड्डा करू शकतो आणि स्वतः आत गाडला जातो, उलट जुन्या कडक लाव्हावर तोच दगड फुटून चुरा होतो आणि खड्डा दिसतच नाही. ते मारीला नंतर विमानातून घेतलेल्या फोटोंवरून साडेतीन हजारांहून जास्त खड्डे मोजले गेले. पण फोटोत लहान खड्डे सुटतात, झुडपात सुटतात, आणि ज्या भागावरून नंतर गाळ किंवा राखेचा लोट गेला तिथले सगळेच सुटतात. नकाशावर रिकामी दिसणारी जागा खरंच रिकामी आहे की फक्त झाकली गेलीय, यासाठी एक वेगळा लेयर ठेवाच. बॅरन आयलंडला हे फार लागू होतं कारण १९९१ पासूनच्या लाव्हा आणि राखेनं विवराचा तळ बराचसा झाकलाय.

हात बसवायला वेताळ टेकडी चांगली आहे. जुन्या खाणीच्या बाजूला मोकळे धोंडे पडलेले असतात, तिथे टेप, चौकोनासाठी सुतळी आणि फील्डबुक घेऊन जा. हे धोंडे ज्वालामुखीनं फेकलेले नाहीत हे सांगायला नको, खाणकामातले आणि झिजून सुटलेले आहेत. आपला सह्याद्रीचा काळा दगड साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी भेगांमधून थरावर थर वाहत आलेल्या लाव्हाचा, सिंहगडाच्या कड्यात त्या थरांच्या पायऱ्या स्पष्ट दिसतात, आणि अशा पसरत जाणाऱ्या उद्रेकात दगड लांब फेकले जाण्याचा मामला शंकूसारख्या ज्वालामुखींच्या मानानं फार थोडा. पण मोजणी शिकायला दगड तो दगड. दोन जणांनी एकाच चौकोनाची वेगवेगळी मोजणी करा आणि आकडे ताडून बघा, किती फरक पडतो ते बघून तुम्ही पुढे कुठल्याही रिपोर्टमधल्या आकड्याकडे जरा जपून बघाल.

घनताही मोजून घ्या, ती घरी होते. मुठीएवढे चार-पाच दगड आणा, काही घट्ट, काही भोकाभोकांचे. लटकवायच्या काट्यावर आधी कोरडं वजन घ्या, मग दोऱ्यानं बादलीतल्या पाण्यात पूर्ण बुडवून, तळाला टेकू न देता, वजन घ्या. कोरडं वजन भागिले दोन्ही वजनांतला फरक, झाली घनता पाण्याच्या पटीत. भोकं पाणी पितात, तर भोकांच्या दगडाला आधी प्लास्टिकची पातळ फिल्म घट्ट गुंडाळा. घट्ट बेसाल्ट पाण्याच्या २.८ ते ३ पट येतो, भोकांचा बराच हलका. हा फरक गणितात सरळ उतरतो.

आता गणित. हवा नाही असं धरलं तर सपाट जमिनीवर अंतर म्हणजे वेगाचा वर्ग गुणिले दुप्पट कोनाचा साइन, भागिले ९.८. सेकंदाला १०० मीटर वेग आणि ४५ अंश कोन घेतला तर १,०२० मीटर. १५० ला साधारण २,३०० मीटर, २०० ला ४,०८० मीटर. मुख जमिनीपेक्षा उंच असेल तर अंतर वाढतं, तेच १०० मीटरचं उदाहरण पण पडायची जागा ५०० मीटर खाली असेल तर १,०२० चे जवळपास १,३९० होतात, म्हणून डोंगराच्या उंचीचा डेटा नसेल तर हे गणित करूच नका.

पण हवा असते, आणि ती लहान दगडाला जास्त अडवते. वाळूची मूठ आणि गोटा सारख्याच जोरानं फेकून बघितलंय ना प्रत्येकानं, इथे तेच आहे. आकड्यात बघा: वेग १५०, दगडाची घनता घनमीटरला २,५०० किलो, हवेची १ किलो, आणि अडथळ्याचा गुणांक ०.८. एक मीटर व्यासाच्या दगडाला सुटतानाच हवा सेकंदाला ५.४ मीटर प्रतिसेकंद इतकं मागे ओढते, गुरुत्वाच्या निम्म्याहून जरा जास्त. १० सेंटिमीटरच्या दगडाला तोच आकडा ५४, म्हणजे गुरुत्वाच्या साडेपाच पट. म्हणून लहान दगड मुखाजवळ खच पाडतात आणि मोठे धोंडे थोडे असले तरी लांब जातात. वेडेवाकडे दगड गोल चेंडूपेक्षा जास्त अडतात, त्यांच्यासाठी गुणांक ०.६ ते १ च्या मध्ये घेतात. समुद्रसपाटीला हवेची घनता १.२ घ्या, उंच डोंगरावर कमी.

यात एक अडचण आहे जी सगळ्यांना नडते. मुखाच्या अगदी जवळ दगडाबरोबर वायूचा लोटही त्याच दिशेनं धावत असतो, त्यामुळे सुरुवातीच्या टप्प्यात हवा दगडाला फारशी अडवतच नाही. हे धरलं नाही तर सापडलेला दगड तिथे पोचायला भलताच मोठा वेग लागतो असं गणित सांगतं. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षणाच्या लॅरी मॅस्टिन यांचा इजेक्ट नावाचा जुना प्रोग्रॅम आहे, त्यात मुखाभोवती कमी अडथळ्याचं एक अंतर देता येतं, सुरुवातीला तेवढं पुरे. बॅलिस्टा नावाचं मॉडेल पुढे जाऊन दगडांच्या एकमेकांवर आपटण्याचाही विचार करतं. पण मी म्हणेन की पहिला प्रोग्रॅम स्वतः पायथनमध्ये लिहा, शंभर ओळींच्या आत होतो: वेळेची पायरी ०.०१ सेकंद, प्रत्येक पायरीला गुरुत्व आणि हवेचा अडथळा लावा, नवीन वेग, नवीन जागा, आणि दगडाची उंची खालच्या जमिनीच्या उंचीपेक्षा कमी झाली की थांबा. लिहून झालं की अडथळा शून्य ठेवून सपाट जमिनीवर चालवा, १,०२० मीटर आले पाहिजेत, नाही आले तर पुढे जाऊ नका, आधी चूक शोधा.

जमिनीचा डेटा कुठून घ्यायचा. कोपर्निकसचा ३० मीटरचा उंची-डेटा फुकट आहे, इस्रोच्या भुवनवर कार्टोसॅटचा मिळतो, आणि शटल मिशनचा जुना एसआरटीएम आहेच. पण तारीख बघा! एसआरटीएमचं उड्डाण फेब्रुवारी २००० मध्ये झालं, आणि बॅरन आयलंडच्या मधला शंकू त्यानंतरच्या उद्रेकांनी बदललाय, म्हणजे त्यातला शंकू आजचा नाही. कोपर्निकसचा मूळ डेटा २०११ ते २०१५ चा आहे, तो बरा. जागृत ज्वालामुखीसाठी नेहमी सगळ्यात नवीन डेटा आणि त्याच्या जोडीला ताजा सॅटेलाइट फोटो.

क्यूजीआयएस या नकाशे बनवायच्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये प्रोजेक्शन (गोल पृथ्वी सपाट कागदावर आणायची पद्धत) लावताना पुणेकरांच्या हातून एक गोष्ट हमखास होते, सवयीनं झोन ४३ उत्तर निवडला जातो कारण पुण्याची सगळी कामं त्यातच असतात. बॅरन आयलंड पूर्वेला ९३.८६ अंशांवर आहे, तिथे यूटीएम (पृथ्वीचे उभे पट्टे पाडून मीटरमध्ये मोजायची पद्धत) झोन ४६ उत्तर, सॉफ्टवेअरमधला त्याचा कोड ईपीएसजी ३२६४६. आणि प्रोजेक्ट अंशांमध्ये ठेवून १,००० चा बफर, म्हणजे भोवतीचा ठरावीक अंतराचा पट्टा, मारला तर तो १,००० अंशांचा होतो, मीटरचा नाही, हे नवीन मुलांना सांगावंच लागतं.

बेटाचा आकार डोळ्यासमोर घ्या. साधारण ३ किलोमीटर रुंद बेट, मधे जवळपास २ किलोमीटर रुंदीचं मोठं विवर, त्याच्या भिंती २५० ते ३५० मीटर उंच, आणि पश्चिमेची बाजू समुद्राकडे उघडी. मधे चालू शंकू. आता विचार करा, जवळच्या पल्ल्याचे, चपट्या कोनात सुटलेले दगड पूर्व, उत्तर, दक्षिण या बाजूंना भिंतीवर आपटून थांबतील, पण पश्चिमेला भिंतच नाही, आणि बोटी नेमक्या त्याच बाजूनं जवळ येतात कारण तिथूनच आत बघता येतं, लाव्हाही त्याच बाजूनं समुद्रात उतरतो. नुसता गोल काढणाऱ्याच्या नकाशात चारही दिशा सारख्या दिसतील. लाव्हा समुद्रात उतरतो तिथे स्फोटांचा वेगळाच धोका असतो, हवाईत १६ जुलै २०१८ ला किलाउएआचा लाव्हा समुद्रात पडताना स्फोट होऊन बोटीवर दगड आले आणि २३ जण जखमी झाले. तर बॅरनच्या नकाशात किनाऱ्यावरची ती जागासुद्धा एक मुखच समजा.

मग हजारो वेळा फेकायचं. प्रत्येक दगडासाठी मुखाची जागा तुमच्या वजनांप्रमाणे चिठ्ठी काढल्यासारखी निवडा, वेग समजा ५० ते २०० च्या मधला, कोन, दिशा, आकार आणि घनता तुमच्या मोजणीतल्या वाटपाप्रमाणे. दिशेचं विशेष लक्ष ठेवा, स्फोट नेहमी सरळ वर होत नाही, बाजूला कलला की दगडांचा पट्टा एका अंगाला लांब जातो, म्हणून सरळ आणि कललेला असे दोन्ही प्रकार वेगळे चालवा आणि वेगळे साठवा. वेग किती घ्यायचा हे सापडलेल्या सगळ्यात लांबच्या दगडावरून उलटं मोजून ठरवतात, पण एकच अंतर जास्त वेग-उभा कोन आणि कमी वेग-मधला कोन अशा दोन्ही जोड्यांनी मिळतं, तेव्हा एक आकडा पकडून बसू नका, खड्ड्याच्या लांबट आकारावरून पडायचा कोन मिळाला तरच जोडी नक्की होते. एक लाख दगड साध्या लॅपटॉपवर आरामात होतात. पुरेसे झाले का हे बघायला तेच पुन्हा वेगळ्या सुरुवातीच्या आकड्यानं (रँडम सीड) चालवा आणि दोन नकाशे शेजारी ठेवा, ठिपके जागा बदलत असतील तर अजून फेका किंवा पडलेले दगड मोजायला नकाशावर आखलेल्या चौकटी मोठ्या करा. ५० मीटरची चौकट बरी पडते.

नुसतं कुठे पडला पुरत नाही, किती जोरात पडला तेही साठवा. १० सेंटिमीटरचा दगड सव्वा किलोहून थोडा जास्त भरतो, आणि वरच्याच आकड्यांनी त्याचा पडण्याचा अखेरचा वेग सेकंदाला जास्तीत जास्त ६४ मीटर येतो, म्हणजे २,७०० जूलच्या आसपास ऊर्जा. स्फोटकांच्या सुरक्षेच्या नियमांत ७९ जूलच्या वरचा तुकडा माणसाला धोकादायक धरतात. खडकीच्या दारूगोळ्याच्या कामातल्या लोकांना सुरक्षित अंतर हा विषय सांगावा लागत नाही, ज्वालामुखीचंही मूळ तेच आहे. म्हणजे हातात मावणारा दगडसुद्धा तीसपट वर आहे आणि हेल्मेटनं सगळं भागेल असं समजू नका, हेल्मेट लहान तुकड्यांसाठी आणि घसरून पडण्यासाठी. ओंताकेच्या झोपड्यांच्या लाकडी छपरांना भोकं पडली, तरी आत गेलेले बरेच लोक वाचले. ते मारीपासून साधारण दीड किलोमीटरवरच्या केटेटाही हटमध्ये, म्हणजे ट्रेकर्सच्या मुक्कामाच्या झोपडीत, दगड छपरातून, बंकमधून आणि जमिनीतूनही आरपार गेला. म्हणून तुमच्या नकाशात ऊर्जेचे दोन थर तरी हवेत, उघड्यावरच्या माणसासाठी एक आणि छपरासाठी एक.

आता माणसं. इथून पुढचं गणित छोटं आहे पण सगळ्यात महत्त्वाचं आहे, आणि बरेचसे नकाशे इथे पोचायच्या आधीच छापले जातात. समजा एका व्ह्यू पॉइंटवर तुमचं मॉडेल म्हणतं की एका उद्रेकात १०० चौरस मीटरला २ धोकादायक दगड पडतील. माणसाची जागा १ चौरस मीटर धरली तर लागण्याची शक्यता २ टक्के. पण दगड फुटून तुकडे उडतात, ते धरून जागा १० चौरस मीटर घेतली तर १८ टक्के. एवढा फरक एका गृहीतकानं पडतो, तर ते गृहीतक नकाशाच्या कोपऱ्यात लिहा.

मग वेळ. समजा त्या जागी पूर्वसूचना न देता दहा वर्षांत एकदा उद्रेक होतो, आणि १८ टक्केच घेऊ. ४० मिनिटं थांबणाऱ्या टुरिस्टची जोखीम त्या भेटीपुरती साधारण सात लाखांत एक. पण तिथला गाइड वर्षातले २०० दिवस रोज दोन तास उभा असेल तर त्याची वर्षाची जोखीम साधारण बाराशेत एक, म्हणजे ६०० पट. जागा तीच, दगड तेच. प्रश्न कुणासाठी विचारताय त्यावर उत्तर ठरतं. टुरिस्टच्या हिशोबानं काढलेला नकाशा गाइडच्या, हमालाच्या, चहाची टपरी लावणाऱ्या बाईच्या जिवाची किंमत धरतच नाही आणि मला हे मनापासून चुकीचं वाटतं. दोन नकाशे काढा, किंवा एकाच नकाशावर दोन आकडे लिहा, पण रोज तिथे उभ्या राहणाऱ्या माणसाला वगळू नका.

वेळेवरून आणखी एक. १५० च्या वेगानं ४५ अंशात सुटलेला दगड हवा न धरता २१-२२ सेकंदांत जमिनीवर येतो. ओंताकेला जमिनीची सलग थरथर उद्रेकाच्या फक्त ११ मिनिटं आधी सुरू झाली आणि इशाऱ्याची पातळी तेव्हा १ म्हणजे सगळ्यात खालची होती. म्हणून नकाशावर वाटेच्या प्रत्येक टप्प्यावरून आसऱ्यापर्यंत पळत जायला किती सेकंद लागतात हा थर टाका. जपानमध्ये आसो ज्वालामुखीच्या विवराभोवती काँक्रीटचे आसरे याचसाठी बांधलेत. मोठ्या खडकाच्या मुखाकडे नसलेल्या बाजूचा आडोसासुद्धा दाखवा, आणि लोकांना गर्दी करून थांबायच्या जागा, म्हणजे फोटो पॉइंट, जेवायची सपाटी, बोटींचा थांबा, या सगळ्यात कमी दगड पडणाऱ्या ठिकाणी हलवता येतात का ते बघा. कधीकधी जेवायची जागा मुखापासून ३०० मीटर लांब सरकवली की जोखीम निम्म्यावर येते, त्याला पैसे लागत नाहीत.

नकाशा काढताना लाल-हिरवा असे रंग टाळा, ज्यांना ते दोन सारखे दिसतात त्यांचं काय. फिकट पिवळ्यापासून गडद जांभळ्यापर्यंत घ्या. झोनची बाहेरची रेघ धारदार काढू नका, कारण लोक रेघेच्या एक पाऊल बाहेर तंबू ठोकतात, कडेला रंग विरत गेला पाहिजे, आणि कायद्यासाठी रेघ लागतच असेल तर ती ठरवणाऱ्या अधिकाऱ्याबरोबर बसून काढा. उंचीच्या रेषा सगळ्यांना वाचता येत नाहीत, हिलशेडवर, म्हणजे डोंगराच्या ऊन-सावलीच्या चित्रावर, वाट, हट आणि ओळखीची टेकाडं दाखवली तर कुणालाही कळतं. बॅरनच्या नकाशाचं वाचन बोटीचा तांडेल करणार असेल तर मुखापासूनचं अंतर किलोमीटरबरोबर सागरी मैलातही लिहा आणि उघड्या पश्चिमेच्या बाजूचा पट्टा सगळ्यात ठळक करा. छापण्याआधी ज्यांनी कधी नकाशा बघितला नाही अशा पाच-सहा जणांपुढे ठेवा आणि विचारा, तुम्ही इथे उभे आहात, स्फोट झाला, कुठे पळाल? उत्तरं चुकली तर नकाशा चुकलाय.

हा नकाशा फक्त दगडांचा आहे हे त्यावर मोठ्या अक्षरात लिहा. न्यूझीलंडच्या व्हाकारी बेटावर ९ डिसेंबर २०१९ ला ४७ माणसं होती, त्यातली २२ गेली, आणि तिथे मुख्य घात केला तो गरम राख-वाफेच्या लोटानं. दगडांच्या नकाशात सुरक्षित दिसणारी दरी लोटाच्या नकाशात सगळ्यात वाईट असू शकते, कारण दगड सगळीकडे पडतात पण लोट बहुतेक दरी धरून येतो. दोन्ही नकाशे शेजारी ठेवा, एकाच रंगात मिसळू नका.

शेवटची कामं कंटाळवाणी आहेत पण करा. नकाशाच्या कोपऱ्यात तारीख, कुठला उद्रेक-प्रकार धरला, वेगाची मर्यादा, उंची-डेटाचं साल, आणि हा आकडा उद्रेक झाला तर असा आहे की वर्षाची शक्यता गुणून काढलाय, हे स्पष्ट लिहा, कारण या दोन आकड्यांत कितीतरी पटींचा फरक असतो आणि गोंधळ तिथेच होतो. कोड, मोजणीची शीट आणि क्यूजीआयएस प्रोजेक्ट एकाच फोल्डरमध्ये द्या म्हणजे दुसऱ्याला पुन्हा चालवता येईल. आणि पुढचा उद्रेक झाला की नकाशा जुना झाला, मुख सरकलं असेल, विवर मोठं झालं असेल. ड्रोन किंवा विमानाचे फोटो पहिल्या पावसाच्या आत मिळवा, खड्डे भरून गेले की ती मोजणी परत होत नाही.